अहवालात बचत २.३ लाख युनिट, बिलात १.१ लाख: पडताळणीला काय दाखवायचं?

प्रश्न (तिसरामजला):
सरकारी ऊर्जा कार्यक्षमता योजनेखालची एका कार्यालयीन इमारतीची फाइल पडताळणीतून परत आली आहे. कामं दोन झाली. २,४०० ट्यूब काढून एलईडी बसवल्या, आणि एएचयूच्या (थंड हवा इमारतीत फिरवणाऱ्या यंत्रांच्या) पंख्यांना व चिल्ड वॉटर (थंड पाण्याच्या) पंपांना व्हीएफडी (मोटरचा वेग हवा तसा कमी करणारे ड्राइव्ह) लावले. अहवालातला हिशेब असा: दर दिव्यामागे २६ वॅट कमी, म्हणजे ६२.४ किलोवॅट, वर्षाला २,६०० तास धरून १,६२,२४० युनिट. व्हीएफडीचे ६८,०००. एकूण साधारण २.३ लाख. बिलं मात्र सांगतात, आधीचं वर्ष १२.४ लाख युनिट, नंतरचं ११.३ लाख. नंतरचं वर्ष सुरू होताना त्याच मीटरवर सर्व्हर रूमही आली. शेरा आहे (बेसलाइन म्हणजे कामाआधीचा वापर): "बेसलाइन समायोजित नाही. व्हीएफडीची बचत मोजमापावर आधारित नाही." व्हीएफडीच्या आधीचे आणि नंतरचे अँपिअर क्लॅम्प मीटरने घेतलेले आहेत. यातून काय वाचवता येईल? सरळ युनिट प्रति चौरस मीटर दाखवलं तर?

बेसलाइनवाला:
दोन वर्षांच्या बिलांची वजाबाकी म्हणजे बचत नव्हे. आयपीएमव्हीपी या बचत मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचं सूत्र आहे: बेसलाइनचा वापर वजा अहवाल काळातला वापर, अधिक-उणे समायोजन. सगळी हाणामारी त्या शेवटच्या शब्दावर असते.

समायोजनं दोन जातींची. नेहमीची, म्हणजे हवामान, कामाचे दिवस, उत्पादन. आणि अनपेक्षित, म्हणजे तुमची सर्व्हर रूम. आधी तीच घ्या, कारण आकडा मोठा आहे. समजा तिचा भार सतत ६ किलोवॅट आहे. वर्षाला ५२,५६० युनिट झाले. तिची उष्णता मुख्य चिलरच (एसीचं पाणी थंड करणारं यंत्र) काढत असेल आणि सीओपी (एका युनिट विजेत किती युनिट उष्णता काढतो) ३ असेल, तर आणखी १७,५२०. हे ७०,०८० युनिट बेसलाइनमध्ये मिळवले की १.१ लाखाची बचत १.८ लाखाच्या घरात जाते. पण ६ किलोवॅट यूपीएसच्या नेमप्लेटवरून लिहू नका, नेमप्लेट नेहमीच फुगलेली असते. त्या फीडरवर मीटर लावा, रूम सुरू झाल्याच्या तारखेचा कागद जोडा. तिला स्वतंत्र एसी असेल तर सीओपीचा हिशेब सोडा, एसी थेट मोजा.

मग हवामान. आधीच्या वर्षाची १२ बिलं आणि कूलिंग डिग्री डे (बाहेर किती उकाडा आणि किती दिवस, याचा आकडा) घेऊन रिग्रेशन लावा, म्हणजे वापर आणि हवामान यांच्या संबंधाचं मॉडेल बांधा. आर-स्क्वेअर (वापरातला किती चढउतार मॉडेलने पकडला) ०.७५ च्या वर आहे, एवढ्यावर खूश होऊ नका. खरा प्रश्न मॉडेलची चूक बचतीपेक्षा लहान आहे का हा आहे. महिन्याची सरासरी १,०३,००० युनिट आणि सीव्ही-आरएमएसई (मॉडेलची चूक, सरासरीच्या टक्क्यांत) ८ टक्के असेल, तर महिन्याची चूक साधारण ८,३००. वर्षाची १२ च्या वर्गमुळाने गुणून २८,६००. बचत याच्या दुप्पट तरी हवी, म्हणजे ५७,०००. तुमची बसते. हाच सीव्ही १८ टक्के निघाला तर दुप्पट चूक जवळपास १.२९ लाख होते, आणि मग १.१ लाख ही बचत आहे की मॉडेलची डुलकी हे कुणालाच सांगता येणार नाही. (एका महिन्याची चूक पुढच्या महिन्यात ओढली जात असेल तर अनिश्चितता याहून जास्त.) बचत १० टक्क्यांच्या खाली असली की मासिक बिलांवरचा ऑप्शन सी (आयपीएमव्हीपीची पूर्ण इमारतीच्या मीटरवरून बचत काढायची पद्धत) टाळावा असं म्हणतात, ते याचसाठी.

सीटी_उलटा:
व्हीएफडीबद्दल शेरा बरोबर आहे. अँपिअरवरून काढलेली बचत जवळजवळ नेहमी फुगते. अर्ध्या भारावरच्या मोटरचा पॉवर फॅक्टर (करंटपैकी खऱ्या कामाला येणारा वाटा) ०.६-०.७ पर्यंत उतरतो. त्या अँपिअरमधला बराच भाग रिअॅक्टिव्ह असतो, त्याचे युनिट पडत नाहीत. व्हीएफडी आला की मोटरला लागणारा रिअॅक्टिव्ह करंट ड्राइव्हच्या आतच फिरतो, पुरवठ्याच्या बाजूचे अँपिअर धाडकन उतरतात. किलोवॅट तेवढे उतरलेले नसतात.

आधीचं मोजमाप गेलं असं समजू नका. व्हीएफडीला बायपास (ड्राइव्ह टाळून मोटर थेट चालवायची सोय) असेल तर ऑन-ऑफ चाचणी करा: एक आठवडा बायपासवर, डँपर आणि व्हॉल्व्ह पूर्वीच्या स्थितीत, पुढचा आठवडा व्हीएफडीवर, अशा दोन फेऱ्या, उन्हाळी आणि सौम्य दोन्ही हवामान सापडेल अशा काळात. बायपास नसेल तर ५० हर्ट्झला चालवा, पण ड्राइव्हचा स्वतःचा दोन-चार टक्के तोटा बेसलाइनमध्ये शिरतो आणि बचत तेवढी फुगते, हे अहवालात लिहून वजा करा.

लॉगर थ्री-फेज किलोवॅटचा, ट्रू आरएमएस (वेड्यावाकड्या लहरीही बरोबर मोजणारा), १५ मिनिटांची नोंद. सीटी (तारेभोवती बसणारी, करंट मोजणारी कडी) व्हीएफडीच्या इनपुटला लावा. आउटपुटची तुकड्या-तुकड्यांची (पीडब्ल्यूएम) लहर साध्या मीटरला झेपत नाही, आणि ड्राइव्हचा तोटाही मोजायचा राहतो. लावल्यावर एकूण किलोवॅट पाहून निघून जाऊ नका, तिन्ही फेज वेगळ्या पाहा. एक सीटी उलटी लागली तर समतोल भारावर १+१−१ होऊन वाचन बरोबर एक-तृतीयांश येतं, आणि तो आकडा इतका शहाणासुरता दिसतो की कुणाला संशयच येत नाही. सीटी रेशोही बघा: बसवली २००/५ आणि मीटरमध्ये १००/५ भरलं की वाचन निम्मं.

६८,००० हा आकडा घनाच्या नियमाने (शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते) काढला असेल तर तो तपासा. ४० हर्ट्झला शक्ती ५१ टक्के, हे कागदावर. डिफरेन्शियल प्रेशरचा (पाइपच्या दोन टोकांतल्या दाबाच्या फरकाचा) सेटपॉइंट कायम असेल तर पंप तेवढा उतरत नाही. आणि कॉइलवर थ्री-वे व्हॉल्व्ह असतील तर पाणी कॉइल टाळून बाजूच्या वाटेने फिरतच राहतं, व्हीएफडीला कमी करायला काही उरत नाही.

दिवाबत्ती:
दिव्यांत वॅटचा फरक सहसा ठीक असतो. ३६ वॅटची ट्यूब चोकसकट ४५ च्या आसपास घेते, २० ची एलईडी धरली तर २६ जुळतात. बिघडतात ते तास. २,६०० कुठून आले? वेळापत्रकातून आले असतील तर लॉगर लावा. ९० टक्के खात्री, १० टक्के अचूकता आणि तासांचा सीव्ही (सरासरीच्या तुलनेत विखुरणं) ०.५ धरला तर नमुना ६८ येतो. मोजायचं एकक दिवा नाही, स्विचचं सर्किट. ४०० सर्किट असतील तर मर्यादित संख्येची दुरुस्ती लावून ५९ पुरतात. जिने, कॉरिडॉर, खोल्या, स्वच्छतागृहं वेगळे गट करा, नाहीतर सरासरी कॉरिडॉरच ओढून नेतो. तास २,१०० निघाले तर ३१,२०० युनिट इथेच गळाले.

दिवे कमी तापले म्हणून एसीचीही बचत होते, सीओपी ३ ला दर किलोवॅटमागे ०.३३. दिवे स्वतंत्र मोजत असाल तरच ती मिळवा. बिलाच्या हिशेबात ती आधीच आलेली असते, पुन्हा मिळवली तर दुहेरी.

मोजूनमापून:
युनिट प्रति चौरस मीटरने काही सिद्ध होत नाही, क्षेत्रफळ बदललेलंच नाही. कारखान्यांच्या फाइलींत याचा भाऊ भेटतो, युनिट प्रति टन. वापर ४०,००० अधिक ५५ गुणिले टन असा असेल, तर १,००० टनाला ९५ पडतात आणि १,५०० टनाला ८१.७. काहीही न करता १४ टक्के "बचत". भारताच्या पॅट योजनेत (मोठ्या कारखान्यांच्या ऊर्जा बचतीची योजना) विशिष्ट ऊर्जा वापरावर, म्हणजे उत्पादनाच्या एककामागच्या वापरावर, लक्ष्य दिलं जातं, पण त्यासोबत नॉर्मलायझेशनचे (बदललेल्या परिस्थितीसाठी दुरुस्तीचे) घटक असतात ते उगाच नाहीत. तिथे एका टन तेल-समतुल्याला एक प्रमाणपत्र मिळतं, म्हणजे चुकीचा हिशेब सरळ बाजारात विकला जातो.

योजनेच्या बाजूने आणखी दोन प्रश्न येतील. जुनं उपकरण कायद्याने किंवा किमान मानकामुळे तसंही बदलावं लागणार होतं का? असेल तर बेसलाइन जुन्या उपकरणाची धरता येत नाही, मानकाची धरावी लागते. आणि याच एलईडी दुसऱ्या अनुदानाखाली मोजल्या गेल्या आहेत का?

तिसरामजला:
बायपास आहे. बिलांत एक अडचण: रीडिंग ७ तारखेला होतं आणि दोन बिलं सरासरीची आहेत.

बेसलाइनवाला:
डिग्री डे कॅलेंडर महिन्याचे घेऊ नका, ७ ते ७ चे काढा. सरासरीचं बिल एकटं वापरू नका. ते आणि पुढचं खऱ्या रीडिंगचं मिळून एकच बिंदू करा, आणि काळ वेगवेगळे झाले म्हणून मॉडेल युनिट प्रतिदिनावर बांधा, दिवसांचं वजन देऊन. १२ चे १० बिंदू झाले की सीव्ही पुन्हा काढा, आणि वर १२ च्या वर्गमुळाने केलेला हिशेबही नवीन बिंदूंवर करा. सीव्ही १५ च्या वर गेला तर ऑप्शन सीच्या मागे न लागता दिवे ऑप्शन ए ने (मुख्य घटक मोजून, बाकी गृहीत धरून) आणि व्हीएफडी बी ने (सगळं मोजून) मांडा, बिल फक्त ताळा म्हणून जोडा.