शून्यच शून्य असलेल्या डेटाला कुठली टेस्ट लावू?

सडेवाट: आंबोलीजवळच्या सड्यांवर (डोंगरमाथ्याच्या सपाट कातळांवर) दगडाखालचे बेडूक मोजतेय, 6 सडे, प्रत्येकी 10 क्वाड्रॅट (मोजणीसाठी आखलेले चौकोन), जून ते सप्टेंबर दर महिन्याला. 3 सड्यांवर गुरं चरतात, 3 वर नाही; चराईनं बेडकांच्या संख्येत फरक पडतो का ते बघायचंय. निम्म्याहून जास्त ठिकाणी शून्य आणि एखाद्यात एकदम 14! सर म्हणतात आकड्यांचा लॉग घे नि अनोव्हा (गटांच्या सरासरींची तुलना करणारी टेस्ट) लाव, पण लॉग घेऊनही हिस्टोग्रामवर शून्याचा खांब तसाच उभा आहे, काय करू?

रानपाणी: लॉग नको गं. मोजलेली संख्या आहे तर सरळ जीएलएम, म्हणजे मोजणीच्या आकड्यांनाही चालणारं रिग्रेशन मॉडेल. त्यातल्या पॉयसन प्रकारात व्हेरियन्स (आकड्यांचा पसारा) सरासरीइतका धरतात, तुझा नक्की जास्त येणार, मग जास्त पसारा चालणारा निगेटिव्ह बायनोमियल प्रकार. शून्यं दिसली म्हणून लगेच झिरो-इन्फ्लेटेड (जादा शून्यं वेगळी धरणाऱ्या) मॉडेलकडे धावू नकोस, बऱ्याचदा यातच बसतात.

कातळफूल: आधी हे बघ की एका सड्यावरचे 10 क्वाड्रॅट एकमेकांसारखेच असणार, म्हणजे चराईसाठी तुझे खरे नमुने 6च. असे नमुने स्वतंत्र धरण्याला परिसंस्थाशास्त्रज्ञ हर्लबर्टनं 1984 मध्येच स्यूडोरेप्लिकेशन म्हटलंय. सडा आणि क्वाड्रॅट दोन्ही रँडम इफेक्ट टाक, म्हणजे एकाच जागेच्या आकड्यांमधलं साम्य मॉडेल धरेल; आर या सॉफ्टवेअरमध्ये जीएलएमएमटीएमबी पॅकेज आहे, नंतर धर्मा पॅकेजनं रेसिड्युअल (मॉडेलचा अंदाज नि खरा आकडा यांतला फरक) तपास. दगड किती उचललेस ते लिहिलंयस ना? त्याचा लॉग ऑफसेट म्हणून जाईल, म्हणजे तुलना दर दगडामागे होईल. आणि दगड परत होता तसाच ठेव प्लीज.

सडेवाट: ठेवते ताई, दरवेळी. आकडे वहीत आहेत. पण ज्या क्वाड्रॅटमध्ये दगडच नव्हता तो?

कातळफूल: तो काढ. तिथे तू शोधलंच नाहीस, ते शून्य नव्हे.