झेवियर वर्थी आला! पण पंट रिटर्नला त्यालाच उभं करायचं का?

लाल_सागर
एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडायच्या फेऱ्यांत) बिल्सशी सौदा करून आपल्या चीफ्सनी ३२ व्या क्रमांकावरून २८ व्यावर उडी मारली आणि रिसीव्हर (पास झेलणारा) वर्थीला उचललं. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये! ४० यार्ड ४.२१ सेकंदांत. जॉन रॉसचा २०१७ चा ४.२२ चा कंबाइन (ड्राफ्टआधीची चाचणी) विक्रम गेला. पहिल्या धावेत ४.२५ लागले होते, तरी पुन्हा पळून हे केलं. टेक्सस विद्यापीठाकडून तीन हंगामांत १९७ झेल, २,७५५ यार्ड, २६ टचडाऊन (चेंडू समोरच्या एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, नेणं). टायरिक हिल गेल्यापासून आपला क्वार्टरबॅक (पास फेकणारा) महोम्सच्या लांब पासखाली पोचणारा असा माणूस आपल्याकडे नव्हता.

प्रश्न पंट रिटर्नचा आहे, म्हणजे समोरच्या संघाने ताबा सोडताना लाथेने लांब मारलेला चेंडू झेलून परत पळण्याचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये बीवाययू (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) विरुद्ध त्याने ७४ यार्डांचा पंट थेट टचडाऊनला नेला. ते पाहिलं की वाटतं, पहिल्या सामन्यापासून यालाच मागे उभा करा. पण वजन १६५ पाउंड, म्हणजे जेमतेम ७५ किलो. कॉलेज आणि एनएफएलच्या पंटमध्ये फरक नेमका काय? आणि सराव शिबिरात काय बघितलं म्हणजे प्रशिक्षकांचा त्याच्यावर भरवसा बसलाय की नाही ते कळेल?

चौथा_डाऊन
४.२१ कामाला येतात ते चेंडू हातात आल्यावर. त्याआधीचा हिशेब बघा. स्नॅप (चेंडू मागे देऊन खेळी सुरू होणं) ते लाथ साधारण २ सेकंद, चेंडू हवेत साडेचार सेकंदांच्या आसपास. म्हणजे दोन्ही टोकांच्या गनर्सना (रिटर्नरला पकडायला धावणाऱ्यांना) साडेसहा सेकंद मिळतात. त्यांना कोणी अडवलंच नाही, तर ते चेंडूच्या आधी रिटर्नरपाशी पोचतील. म्हणून रिटर्न चांगला झाला की त्यातलं अर्धं श्रेय गनरला रेषेवर रोखून धरणाऱ्या जॅमर्सचं असतं. रिप्ले बघताना पहिले दोन सेकंद मैदानाच्या कडांवर नजर ठेवा. दोन्ही गनर सुटले असतील तर मागे कुणीही असो, फेअर कॅचच (हाताने खूण करून, पुढे न पळता घेतलेला झेल) होणार.

आता फरक. कॉलेजमध्ये पंट करणाऱ्या संघातले सगळे स्नॅप होताच पुढे पळू शकतात. एनएफएलमध्ये फक्त दोन टोकांच्या खेळाडूंना ती मुभा, बाकीच्यांनी लाथ बसेपर्यंत रेषेवर थांबायचं. त्यामुळे इथे गनर अडले की रिटर्नरसमोर जागा जास्त मोकळी होते. वर्थीसारख्याला हे फार मानवेल. पण ती जागा पंटर सहजासहजी देत नाहीत. चेंडू उंच असतो, शिवाय कडेला दाबून मारलेला, म्हणजे कडच त्यांचा बारावा खेळाडू होते. चार्जर्सचा जे. के. स्कॉट उंच पंटसाठीच ओळखला जातो, रेडर्सचा ए. जे. कोल ऑल-प्रो (लीगच्या सर्वोत्तमांत निवडलेला) आहे, आणि २०२४ च्या हंगामात हे दोघेही आपल्याच विभागात, वर्षातून दोन-दोनदा समोर येणारे. डेन्व्हरला हवा विरळ, चेंडू लांब जातो, तिथे चार-पाच यार्ड मागूनच सुरुवात करावी लागते.

झेलकरी
शिबिरात काय बघायचं ते सांगतो. धाव अजिबात बघू नका, आधी पाय बघा. चांगला रिटर्नर चेंडू उडताच त्याच्या टोकाकडे बघतो. टोक वरून खाली वळलं तर चेंडू लांब जाणार, लगेच मागे सरकायचं. टोक वरच राहिलं तर तो अलीकडेच पडणार. डाव्या पायाचा पंटर असेल तर फिरकी उलटी, त्यामुळे चेंडू शेवटच्या क्षणी नेहमीच्या विरुद्ध बाजूला वळतो. हे वाचायला उशीर झाला की खेळाडू शेवटचे दोन-तीन यार्ड धडपडत जातो आणि हात शरीरापासून लांब पडतात. बहुतेक झेल इथेच सुटतात.

पाय वेळेत पोचले की हात. कोपरं आत, करंगळ्या जवळ, चेंडू छातीवर घेऊन दोन्ही हातांनी कवटाळायचा. क्रिकेटमधला उंच झेल घेताना चेंडूखाली स्थिर व्हायचं, तसंच इथेही, फक्त दोन माणसं पूर्ण वेगाने अंगावर येत असताना. रिसीव्हरला हात पुढे करून बोटांत झेल घ्यायची सवय असते, ती इथे महागात पडते. सरावात एक चेंडू काखेत धरून दुसरा झेलायला लावतात, मग दोन धरून तिसरा. त्यात छाती वापरल्याशिवाय गत्यंतरच नसतं. वर्थी हे सहज करताना दिसला तर खुशाल खूश व्हा.

तिसरी गोष्ट निर्णयाची. बहुतेक संघांत टाचा आपल्या १० यार्ड रेषेवर (गोलरेषेपासून १० यार्ड) ठेवायचा नियम असतो: डोक्यावरून मागे जाणारा चेंडू सोडून द्यायचा, एंड झोनमध्ये गेला तर २० वरून खेळ सुरू. नवखा खेळाडू मोहात पडून मागे पळतो आणि ४ यार्डांवर झेल घेतो. असं एकदा जरी दिसलं तरी प्रशिक्षक त्याला बाजूला घेतात. आणि फेअर कॅचची खूण करताना एक हात डोक्याच्या वर पूर्ण ताणून एकाहून जास्त वेळा हलवायचा. अर्धवट हलवला तर ५ यार्डांचा दंड.

अ‍ॅरोहेड_पश्चिम
वजनाची भीती मला पटत नाही. २०१६ मध्ये टायरिक हिल पाचव्या फेरीत, १६५ व्या क्रमांकावर आला आणि पहिल्याच हंगामात ३९ पंटमध्ये ५९२ यार्ड, सरासरी १५.२. रेडर्सविरुद्ध ७८ यार्ड, चार्जर्सविरुद्ध ९५ यार्डांचे टचडाऊन. हे घडवणारे स्पेशल टीम्सचे (पंट-किकऑफचे) प्रशिक्षक डेव्ह टाउब २०१३ पासून इथेच आहेत, आणि त्याआधी शिकागोत डेव्हिन हेस्टर त्यांच्याच हाताखाली खेळला. १४ पंट रिटर्न टचडाऊनचा विक्रम करून हेस्टर २०२४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला. वेगवान पोराला घडवायला याहून योग्य माणूस सापडणार नाही.

पण सगळे पंट त्याला द्यावेत असं मीही म्हणणार नाही. आपल्या १० ते १५ यार्डांत येणारे पंट खात्रीच्या हातांकडे द्या, तिथे नुसता झेल हवा असतो. समोरचा संघ आपल्याच २०-२५ यार्डांच्या आत अडकलाय, पंटरला पूर्ण ताकदीने लांब मारणं भाग आहे, अशा वेळी वर्थीला पाठवा. चेंडू कव्हरेजच्या (रिटर्नरला अडवायला धावणाऱ्यांच्या) पुढे निघून जायची शक्यता तेव्हाच असते. सुपर बोल ५७ (लीगचा अंतिम सामना) मध्ये आपल्या कडारियस टोनीने ईगल्सच्या ५ यार्डांपर्यंत नेलेला ६५ यार्डांचा रिटर्न आठवा, सुपर बोलमधला सर्वांत लांब. तो पंट लांब नव्हता, पण सपाट होता.

शिवाय २०२४ च्या हंगामापासून किकऑफचा (खेळ सुरू करणाऱ्या लाथेचा) नियम बदललाय. कव्हर करणारे दहा जण समोरच्या ४० यार्ड रेषेवर, अडवणारे ३० ते ३५ च्या पट्ट्यात, आणि चेंडू झेलला जाईपर्यंत किंवा जमिनीला लागेपर्यंत कोणी हलायचं नाही. मागे दोन रिटर्नर उभे करता येतात. लांबून पळत येऊन होणारी टक्कर गेली, एक फट सापडली की पुढे मोकळं मैदान. ७५ किलोच्या माणसासाठी मला ही जागा पंटपेक्षा बरी वाटते.

झेलकरी
किकऑफचं पटलं. पंटबाबत मात्र एवढी घाई नको. स्काय मूर २०२२ मध्ये दुसऱ्या फेरीतून आला, लगेच पंटला उभा केला, कोल्ट्सविरुद्ध चेंडू सुटला, त्यावर त्यांचा टचडाऊन आणि सामना २०-१७ ने गेला. त्याच मूरने जानेवारी २०२३ मध्ये बेंगल्सविरुद्ध शेवटी शेवटी २९ यार्ड परतवून विजयी फील्ड गोलची (लाथेने खांबांमधून मारलेला गोल) वाट मोकळी केली. गुणवत्ता होतीच, सरावाला वेळ कमी मिळाला होता. वर्थीला प्री-सीझनचे सगळे पंट द्या, मग ठरवा.

लाल_सागर
भारी माहिती, मनापासून आभार! एकच शंका: सुटलेला चेंडू उचलून समोरचा संघ थेट टचडाऊनला पळू शकतो का?

चौथा_डाऊन
नाही. चेंडू ताब्यात येण्याआधीच सुटला तर तो मफ. पंट करणाऱ्या संघाला तो मिळतो, पण जिथे उचलला तिथेच खेळ थांबतो. एकदा नीट ताबा आला आणि मग सुटला तर तो फम्बल, तो घेऊन पळता येतं.

आणि चेंडू रिटर्नरलाच लागला पाहिजे असंही नाही. सुपर बोल ५८ मध्ये आपला पंट फोर्टीनाइनर्सच्या ल्यूटरच्या पायाला लागला, त्यांचा रिटर्नर मॅकक्लाउडला तो आवरता आला नाही आणि आपण १६ यार्डांवर ताबा मिळवला. पुढच्याच खेळीत महोम्सचा व्हाल्डेस-स्कँटलिंगला टचडाऊन. चेंडू अलीकडे पडतोय असं दिसताच रिटर्नर ‘पीटर, पीटर’ असं ओरडतो ते याचसाठी, म्हणजे पाठमोरे अडवत असलेले साथीदार चेंडूपासून लांब पळतात. शिबिरात वर्थीचा आवाज किती लवकर आणि किती मोठ्याने येतो, तेही ऐका.