आधी तापमान, मग भांडीकुंडी

ऐरोलीकर, घरी बिअर बनवायच्या तयार किटच्या (डबाबंद माल्ट अर्क आणि यीस्ट) पहिल्याच बिअरला केळ्याचा वास आला म्हणून तुम्ही एकदम धान्य भरडायची गिरणी, मोठं पातेलं असा संसारच मांडायला निघालात! (परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, हे लक्षात असू द्या.) खोट किटमध्ये नाही, आपल्या हवेत आहे. साधं एल यीस्ट (एल जातीच्या बिअरचं खमीर) १८ ते २० अंशांत खूश असतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये रात्रीही घरात तिशीच्या आसपास पारा, त्यात आंबताना आतलं तापमान आणखी चढतं. वास तिथून येतो. फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं भांडं, पाण्याच्या टबात ठेवा आणि त्या टबात सकाळ-संध्याकाळ पाणी भरून गोठवलेल्या बाटल्या बदलत राहा. पहिले तीन-चार दिवस सांभाळलेत तरी पुष्कळ. एवढा व्याप नको असेल तर नॉर्वेचं क्वाइक यीस्ट बघा, ते ३५ अंशांतही मजेत काम करतं.

किटच्या डब्यावर लिहिलेली किलोभर साखर मात्र विसरा, तेवढीच ड्राय माल्ट पावडर (मोड आणलेल्या बार्लीच्या अर्काची भुकटी) घाला, पाणचटपणा जातो. मग पाव किलो भरडलेलं क्रिस्टल माल्ट (रंग-चवीसाठी भाजलेली, मोड आणलेली बार्ली), मलमलच्या पुरचुंडीत, ६५-७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास. पुरचुंडी पिळायची घाई नको, नुसती निथळू द्या. गिरणीचं नंतर बघू.