'डिवचणं' की 'प्रक्षोभक'? आणि त्या सभागृहाचं काय झालं, त्याला शब्द

एका लेखात दोन शब्दांपाशी अडले आहे. विषय ब्रिटिश विनोदवीर रिकी जर्व्हेस आणि त्याने केलेलं गोल्डन ग्लोब या सिनेमा-टीव्ही पुरस्कारांचं सूत्रसंचालन. २०१०, २०११, २०१२, २०१६ आणि २०२० असं पाच वेळा त्याने हे काम केलं. सगळ्यात जास्त गाजला तो १६ जानेवारी २०११ चा सोहळा. समोर हॉलिवूडची बडी मंडळी जेवणाच्या टेबलांभोवती बसलेली आणि हा मंचावरून एकेकाची नावं घेऊन बोलतोय. दुसऱ्या दिवशी निम्मे लोक म्हणाले, कमाल केली. निम्मे म्हणाले, ही काय पद्धत झाली?

अडचण क्रमांक एक : 'प्रोव्होकेटिव्ह'. 'प्रक्षोभक' लिहिलं की भाषणबंदी आणि पोलीस बंदोबस्त डोळ्यांपुढे येतो. 'उत्तेजक' लिहिलं तर वाचक भलतीकडेच जाईल. 'चिथावणीखोर' बरा वाटला, पण वाक्यात बसवला की टोचतो.

अडचण क्रमांक दोन : समोरच्या प्रेक्षकांची प्रतिक्रिया. ते हसतायत, पण ते हसू नाही. 'हशा पिकला' हे खोटं आणि 'सभागृहात शांतता पसरली' हे त्याहून खोटं. काय लिहू?

* * *

'चिथावणीखोर' टोचतो, कारण चिथावणीला तीन माणसं लागतात. मी तुम्हाला चिथावतो ते तिसऱ्याच्या अंगावर जाण्यासाठी. जर्व्हेस कुणाला कुणाच्या अंगावर घालत नव्हता. त्याचा सगळा मामला दोघांतला : तो आणि समोरचा. त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, 'डिवचणं'. झोपलेल्या कुत्र्याला काठीने डिवचतात, मधमाश्यांचं मोहोळ डिवचतात. मारायचं नसतं, हलतंय का ते बघायचं असतं. काठी लांब असते हेही महत्त्वाचं. मंच आणि टेबल यांच्यातलं अंतर म्हणजे ती काठी.

'खोडी काढणं' जवळचा आहे, पण खोडी काढणारा पळून जातो किंवा 'मी नाही त्यातला' असा चेहरा करतो. डिवचणारा तिथेच उभा राहतो आणि प्रतिक्रियेची वाट पाहतो.

२०२० च्या सोहळ्यातलंच बघा. अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाच्या आरोपाखाली अटकेत असलेल्या जेफ्री एपस्टीनच्या तुरुंगातल्या मृत्यूवरून एक विनोद झाला, सभागृहातून 'ओऽऽ' असा विव्हळल्यासारखा आवाज आला. एखादा सूत्रसंचालक अशा वेळी पुढच्या विनोदाकडे वळला असता. हा म्हणाला, गप्प बसा, तो तुमचा मित्र होता हे ठाऊक आहे मला, पण मला त्याचं काही नाही. म्हणजे विनोद हा नुसता काठीचा पहिला ढोसा होता, खरा डाव त्या 'ओऽऽ'नंतर सुरू झाला. तो आवाज आलाच नसता तर पुढचं वाक्य बोलताच आलं नसतं. याला डिवचणं म्हणतात.

तेव्हा 'प्रोव्होकेटिव्ह सूत्रसंचालन'ला विशेषण शोधत बसू नका. इंग्रजीत विशेषण आहे म्हणून मराठीतही विशेषणच हवं असं कुठे आहे? क्रियापद वापरा : 'जर्व्हेसने सभागृहाला डिवचलं.' काम झालं.

* * *

'शालजोडीतले' कसे विसरलात? सभ्य समारंभातल्या टोमण्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या तेच म्हणत आलोय.

* * *

विसरलो नाही, मुद्दाम बाजूला ठेवले. शालजोडीतला जोडा बसतो तेव्हा वरून शाल दिसली पाहिजे. बघणाऱ्याला वाटावं सत्कार चाललाय, आणि ज्याला लागला त्यालाच कळावं. २०११ च्या बऱ्याचशा विनोदांत शाल नव्हतीच. रॉबर्ट डाउनी ज्युनियरची ओळख करून देताना, तुमच्यातले बरेच जण याला बेटी फोर्ड क्लिनिक (व्यसनमुक्ती केंद्र) आणि लॉस एंजेलिस काउंटी तुरुंग इथला म्हणून ओळखत असतील, असं तो म्हणाला. हे शालजोडीतलं नाही, हा उघडा जोडा. पुढे-मागे शालीचं सूतसुद्धा नाही.

पण खरी शालजोडी हवीच असेल तर २०२० चं एक वाक्य देतो. अॅपलची एक मालिका त्या वर्षी स्पर्धेत होती आणि कंपनीचे प्रमुख टिम कूक सभागृहात होते. जर्व्हेस म्हणाला, ही मालिका म्हणजे माणसाची प्रतिष्ठा आणि योग्य तेच करणं यांचं महत्त्व सांगणारं उत्कृष्ट नाट्य आहे, आणि ते बनवलंय चीनमध्ये कामगारांना राबवून घेणारे कारखाने चालवणाऱ्या कंपनीने. अर्धं वाक्य शाल, अर्धं जोडा. मधे जरासा श्वास.

त्याहून सफाईदार शालजोडी गंमत म्हणजे त्याला स्वतःलाच बसली. २०११ मध्ये टॉम हँक्स आणि टिम अॅलन मंचावर आले आणि दोघांनी मिळून सांगितलं की रिकी जर्व्हेस थोडासा गुबगुबीत पण अतिशय प्रेमळ विनोदवीर होता ते दिवस आम्हाला आठवतात. आता तो दोन्हीपैकी काहीच नाही. व्याजस्तुती शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही. सगळी मेख भूतकाळाच्या 'होता'मध्ये आहे.

हे उत्तर का आलं तेही सांगायला हवं. त्या दोघांना बोलावताना जर्व्हेसने पहिल्याचं मोठं वर्णन केलं : नट, निर्माता, लेखक, दिग्दर्शक, सिनेमांची अब्जावधींची कमाई, ऑस्कर, सगळं. मग म्हणाला, 'आणि दुसरा… टिम अॅलन.' बस. एकही वाईट शब्द नाही. आपण 'अनुल्लेखाने मारणं' म्हणतो; इथे माणूस नुसत्या उल्लेखाने मारला!

* * *

तुम्ही सगळे विनोदाची चिरफाड करताय, मला त्या 'होस्ट' शब्दाचं पडलंय. 'होस्ट' म्हणजे सूत्रसंचालक आणि 'होस्ट' म्हणजे यजमानही. लोक चिडले ते यातल्या दुसऱ्या अर्थामुळे. आपण 'सूत्रसंचालक' म्हणतो तेव्हा हा राग नीट कळत नाही. 'यजमानाने घरी बोलावून अपमान केला' म्हटलं की लगेच कळतो.

* * *

मुद्दा चांगला आहे, पण जर्व्हेस यजमान नव्हताच. यजमान होती पुरस्कार देणारी हॉलिवूड फॉरेन प्रेस असोसिएशन. हा पैसे देऊन बोलावलेला. आणि त्याने पाहुण्यांइतकंच यजमानालाही सोडलं नाही. 'द टुरिस्ट' या सिनेमाला नामांकन कसं मिळालं त्यावरचा विनोद आठवा. तो म्हणाला, जॉनी डेप आणि अँजेलिना जोली यांच्यासोबत मिरवायला मिळावं एवढ्याचसाठी संस्थेने या सिनेमाला नामांकन दिलं अशी एक फालतू अफवा आहे, ती मला खोडून काढायची आहे. तेवढंच कारण नव्हतं. त्यांनी लाचही घेतली.

रचना बघा. सुरुवात सारवासारवीची. लोक निश्वास टाकतात की चला, हा सावरून घेतोय. आणि सारवता सारवता तो आणखी हातभर उकरून ठेवतो.

संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष फिलिप बर्क यांना मंचावर बोलावताना, आत्ताच त्यांना संडासातून उठायला मदत केली आणि कवळी बसवून दिली, असंही हा म्हणाला. बर्क यांनी आल्या आल्या परतफेड केली : पुढच्या वेळी तुझा सिनेमा पात्र ठरवायला मदत लागली तर दुसऱ्या कुणाकडे जा. आता यात विनोद किती आणि धमकी किती, ज्याचं त्याने ठरवावं.

मराठीत याला तयार म्हण आहेच. 'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी.' याने पोळी खाल्ली आणि टाळी काही वाजवली नाही. 'खाल्ल्या घरचे वासे मोजणं' असंही म्हणता येईल, पण त्यात कृतघ्नपणाचा आरोप येतो. २०२१ मध्ये त्याच संस्थेवर एवढी टीका झाली की एनबीसी वाहिनीने २०२२ चा सोहळा दाखवलाच नाही, आणि २०२३ मध्ये संस्था गुंडाळली गेली. वासे मोजणारा चुकीचं मोजत होता असं काही म्हणवत नाही.

शब्दच हवा असेल तर 'सोंगाड्या' घ्या. तमाशातला सोंगाड्या बतावणीत समोर बसलेल्या पाटलालाही टोला हाणतो आणि पाटील हसतो, कारण न हसणं जास्त महाग पडतं.

* * *

प्रश्न माझाच होता म्हणून परत येते. सोंगाड्या आवडला, पण एक शंका. डाउनी ज्युनियर मंचावर आल्यावर म्हणाला होता की सगळं भयंकर 'मीन-स्पिरिटेड' आहे आणि त्याला काहीशी अभद्र छटा आहे, एवढं सोडलं तर वातावरण छान आहे. या 'मीन-स्पिरिटेड'ला मी 'खुनशी' लिहिलंय. चालेल?

* * *

नाही चालणार. खुनशी माणूस डूख धरतो. आकसालाही मागचं काहीतरी कारण लागतं. जर्व्हेसचं डाउनीशी काही वाकडं नव्हतं. 'खवचट' लिहा. खवचट बोलायला वैर लागत नाही, जिभेला तशी सवय असली की पुरे.

आणि 'खोचक' नको. खोचक बोलणं एका जागी टोचतं, त्यामागे काही म्हणणं असतं. अॅपलचं वाक्य खोचक, तुरुंगाचं वाक्य खवचट. पहिल्यात म्हणणं आहे, दुसऱ्यात फक्त आठवण करून देणं आहे, तीही त्या माणसाने बाजूला टाकलेल्या दिवसांची. हा फरक मराठी कान बरोबर ओळखतो. तेव्हाच्या प्रेक्षकांचे जे दोन तट पडले ते बहुतेक याच भेगेवर पडले असं माझं मत. ज्यांना तो खोचक वाटला ते खूश होते, ज्यांना खवचट वाटला ते वैतागले. बोलणारा एकच होता.

* * *

यात भर. 'कोपरखळी' तर कुणी काढलीच नाही. २०२० मध्ये लिओनार्डो डिकॅप्रिओवर विनोद होता की, सुमारे तीन तासांचा सिनेमा, त्याच्या पहिल्या खेळाला लिओ मैत्रिणीला घेऊन गेला आणि सिनेमा संपेपर्यंत ती त्याच्यासाठी म्हातारी झाली. तो स्वतः हसला. शेजारी बसलेल्याच्या कुशीत कोपर मारतात तसं, दुखतं पण गुदगुल्याही होतात. हेच वाक्य ऐकून तो उठून गेला असता तर आपण त्याला 'पाणउतारा' म्हटलं असतं. कोपरखळी की पाणउतारा हे ज्याला लागलं त्याच्या चेहऱ्यावरून ठरतं, बोलणाऱ्याच्या हेतूला विचारतो कोण.

* * *

आता दुसऱ्या अडचणीकडे कुणी वळणार आहे का? तुम्हाला हवा तो शब्द 'कानकोंडं होणं' आहे.

'ओशाळणं' नाही, कारण ओशाळतो तो ज्याची चूक उघडी पडली तो. 'वरमणं' नाही, कारण वरमणारा आधी तोऱ्यात असावा लागतो आणि नंतर मऊ पडतो. ज्याच्यावर विनोद झाला तो फार तर वरमला असेल. 'खजील'चंही तेच. या तिन्ही शब्दांत माणूस स्वतःच्याच कारणाने खाली बघतो. पण त्या सभागृहातल्या बहुतेकांवर त्या क्षणी विनोद झालेला नव्हता, शेजारच्या टेबलावर झाला होता. हसावं तर शेजारचा दुखावतो, न हसावं तर कॅमेरा टिपतो, आणि पुढचा नंबर आपला असू शकतो. काय करावं कळत नाही, बसल्या जागी चुळबुळ होते, हातातल्या ग्लासाकडे निरखून पाहिलं जातं. ही अवस्था म्हणजे कानकोंडं होणं. दुसऱ्याच्या प्रसंगात सापडलेल्या माणसाचा हा शब्द आहे.

हसण्याला 'कसनुसं' घ्या. ओठ हसतात, गाल साथ देत नाहीत. २०२० मध्ये टॉम हँक्सचा ओठ ताणलेला, डोळे बारीक केलेला चेहरा जगभर फिरला, तो कसनुश्याचा उत्तम नमुना. शब्दकोशात चित्र द्यायचं तर तेच द्यावं.

आणि 'हुर्यो' उडवली असं कृपा करून लिहू नका. हुर्यो उडवायला तिकीट काढून आलेली गर्दी लागते. निमंत्रणावर आलेला, पुरस्काराची आशा धरून बसलेला माणूस हुर्यो उडवत नाही. तो कानकोंडा होतो.

* * *

नवी मुलं याला 'क्रिंज' म्हणतात.

* * *

म्हणू देत. पण 'क्रिंज' पडद्यासमोर बसलेल्याला होतं, कानकोंडं त्या खोलीतल्या माणसालाच होता येतं. दोन्ही ठेवा.

* * *

विषय निघालाच आहे तर. २७ मार्च २०२२, ऑस्कर. क्रिस रॉकने विल स्मिथच्या बायकोच्या डोक्यावर केस नसण्यावरून विनोद केला, स्मिथ मंचावर गेला आणि त्याने रॉकला मारलं. (रॉक त्या रात्री सूत्रसंचालक नव्हता, एक पुरस्कार द्यायला आला होता, बरेच जण इथे चुकतात.) तेव्हा 'स्मिथची रॉकला चपराक' असं वाचल्यावर मला आधी वाटलं, शब्दांनी काहीतरी चोख उत्तर दिलेलं दिसतंय. कारण आपल्याकडे न्यायालय सरकारला 'चपराक' देतं, मतदार पक्षाला 'सणसणीत चपराक' लगावतात. बातम्यांनी हा शब्द एवढा झिजवला की खऱ्या हाताने खऱ्या गालावर मारली तर चपराक पुरत नाही. मग 'कानशिलात' किंवा 'थोबाडीत' लागतं. स्मिथने कानशिलात लगावली असंच लिहावं.

त्यातली दुसरी गोष्ट : विनोद ऐकल्यावर स्मिथ पहिल्यांदा हसताना दिसतो. ते कसनुसं होतं की खरं, यावर लोक आठवडाभर भांडत होते.

* * *

सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलं : 'जर्व्हेसने सभागृहाला डिवचलं, काही खोचक, बरंचसं खवचट. सभागृह कसनुसं हसलं आणि कानकोंडं होऊन बसलं.' संपादकांनी 'डिवचलं' ठेवलं, 'खवचट' ठेवलं. 'कानकोंडं' वाचकांना कळणार नाही म्हणून तिथे 'अस्वस्थ' केलंय.

* * *

अहो, अस्वस्थ माणूस उठून बाहेर जाऊन येतो. कानकोंड्याला उठताही येत नाही. त्यांना सांगा, परत घाला.