मदत हवी आहे: तेहरान १९७९-८० मधली कॅनडाची मदत कायद्यात कुठे बसते?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनकट्ट्यावर मला तेहरानच्या ओलीस प्रकरणावर बोलायचंय, आणि एका जागी गाडी अडली आहे.

घटना बऱ्याच जणांना माहीत असेल. ४ नोव्हेंबर १९७९ ला इराणी विद्यार्थ्यांनी तेहरानमधल्या अमेरिकेच्या वकिलातीवर कब्जा करून तिथल्यांना ओलीस धरलं, तेव्हा सहा अमेरिकन हाती लागले नाहीत. त्यातल्या पाच जणांना ब्रिटिशांनी थोडा आसरा दिला, पण त्यांच्याच वकिलातीत जमाव घुसला. शेवटी कॅनडाचे राजदूत केन टेलर आणि त्यांचे सहकारी जॉन शिअरडाउन यांनी सगळ्यांना आपापल्या घरी ठेवून घेतलं. २७ जानेवारी १९८० ला ते कॅनडाच्या पासपोर्टवर झुरिकला उडाले. विमानतळावर सोडायला न्यूझीलंडचे लोक होते. (बनावट व्हिसावर इराणी पंचांगाची तारीख चुकली होती. फारसी येणाऱ्या एका कॅनेडियन अधिकाऱ्याने ती पकडली, नाहीतर सगळंच मुसळ केरात.) यावरच्या 'आर्गो' या ऑस्करविजेत्या चित्रपटात ब्रिटिश आणि न्यूझीलंडवाल्यांनी हात वर केल्याचं दाखवलंय, ते मला साफ अन्यायाचं वाटतं.

आता प्रश्न. देशादेशांतल्या राजनैतिक संबंधांवरच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ४६ म्हणतं की तिसऱ्या देशाच्या लोकांचं तात्पुरतं रक्षण करता येतं, पण यजमान देशाच्या पूर्वसंमतीने. एप्रिल १९८० मध्ये अमेरिका-इराण संबंध तुटल्यावर स्वित्झर्लंडने इराणमधलं अमेरिकेचं काम पाहिलं, ते या चौकटीत बसतं. पण कॅनडाने तर मंत्रिमंडळाच्या गुप्त आदेशाने परक्यांना खरे पासपोर्ट दिले! 'करार आधी इराणनेच मोडला' एवढं उत्तर पुरेल का? कट्ट्यावर एक निवृत्त वकीलकाका असतात, ते सोडणार नाहीत.

प्रतिसाद:
नाही पुरणार. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा २४ मे १९८० चा निकाल वाचा. अमेरिकी वकिलातीत हेरगिरी चालते, ही इराणची तक्रार खरी धरली तरी कब्जा समर्थनीय ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं. वकिलातीने गैरवापर केला तर उपाय ठरलेले आहेत: अधिकाऱ्याला नको म्हणून परत पाठवा, फारच झालं तर संबंध तोडा. हाच न्याय कॅनडाला लावा. नियमभंग झाला असं मानलं, तरी इराणच्या हातात हकालपट्टीच होती, आणि कॅनडाने तर वकिलात आधीच बंद करून माणसं बाहेर काढली होती.

धागाकर्ता:
वा, हा दुवा सुटला होता. निकाल मुळातून वाचतो. ब्रिटिश किंवा न्यूझीलंडच्या बाजूने कुणी सविस्तर लिहिलेलं वाचलंय का? मराठीत असेल तर फारच उत्तम.