वाचनालयाच्या साइटवर फाइल अपलोडचं प्लगइन ठेवू की काढू?

ग्रंथसखी:
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाची वर्डप्रेसवर साइट आहे, ती मीच सांभाळते, पण मला कोडिंग येत नाही. दिवाळी अंकासाठी लोक कथा-कविता व्हॉट्सॲपवर पाठवतात, कोणाचा कागदाचा फोटो, कोणाची वर्ड फाइल, ते गोळा करता करता नाकी नऊ येतात. म्हणून लेखकांना साइटवरूनच फाइल टाकता येईल असं एक फुकटचं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा तयार प्रोग्राम, मागच्या आठवड्यात टाकलं. साडेचार स्टार आहेत, 10 हजारांवर साइटवर चालू आहे असं दिसतं. पण शेवटचं अपडेट 3 वर्षांपूर्वीचं, आणि वर पट्टीत लिहिलंय की वर्डप्रेसच्या शेवटच्या 3 मोठ्या व्हर्जनवर हे तपासलेलं नाही. साइटवर साडेसहाशे सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत, त्यामुळे रात्री झोप लागत नाहीये. कमिटीतले म्हणतात चालतंय ना, मग राहू दे. धोका आहे की नाही हे माझ्यासारखीने ओळखायचं कसं?

सर्व्हरकट्टा:
ताई, आधी ते काढा, मग बोलू. काढा म्हणजे डीॲक्टिव्हेट (नुसतं बंद) नाही, डिलीट. असं का म्हणतोय ते सांगतो. सप्टेंबर 2020 मध्ये डब्ल्यूपी फाइल मॅनेजर नावाच्या प्लगइनमध्ये सुरक्षेचं भोक सापडलं, तेव्हा ते 7 लाखांवर साइटवर होतं. त्यांनी एलफाइंडर नावाची तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला कोड, वापरली होती, तिच्यात नमुन्यासाठी एक फाइल येते, ती चुकून चालू नये म्हणून तिच्या नावाला शेवटी डॉट डिस्ट लावलेलं असतं. यांनी ते शेपूट काढून सरळ डॉट पीएचपी केलं, म्हणजे सर्व्हर ती फाइल प्रोग्राम म्हणून चालवणार, आणि तसंच सोडलं. लॉगिन नको, पासवर्ड नको, त्या फाइलचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की कोणीही तुमच्या सर्व्हरवर स्वतःची पीएचपी फाइल चढवणार. 6.9 व्हर्जनमध्ये दुरुस्त झालं, पण तोवर हल्ले सुरू झाले होते. आता बघा, ती फाइल थेट पत्त्यावर उघडत होती, म्हणजे प्लगइन डीॲक्टिव्हेट केलं तरी फाइल डिस्कवर पडूनच आणि दार उघडंच. बाकी स्टारवर जाऊ नका, फॉर्म छान दिसला की लोक दुसऱ्या दिवशी 5 स्टार देऊन मोकळे होतात, आतला कोड कोणी उघडून बघत नाही.

कोडकारागीर:
सर्व्हरकट्टांशी सहमत, फक्त एक भर घालतो. नुसतं अपडेट जुनं म्हणून प्लगइन वाईट असं नसतं, आणि नवं अपडेट आलं म्हणून चांगलं असंही नाही. 2017 मध्ये डिस्प्ले विजेट्सचं काय झालं, 2 लाखांच्या आसपास साइटवर असलेलं जुनं भरवशाचं प्लगइन मूळ लेखकाने विकलं, नव्या मालकाने अपडेटमधूनच मागचं दार बसवलं आणि साइटवर स्पॅमची पानं टाकायला लागला. ती पानं लॉगिन केलेल्या माणसाला दिसायचीच नाहीत, म्हणजे साइटच्या मालकाला पत्ताच नाही. म्हणून चेंजलॉग, म्हणजे कोणत्या अपडेटमध्ये काय बदललं त्याची यादी, वाचा, मालक बदललाय का बघा, सपोर्टच्या पानावर प्रश्नांना उत्तरं येतात का बघा. भोकं मोठ्या प्लगइनमध्येही निघतात, साइटचा वेग वाढवणारं लाइटस्पीड कॅश 50 लाखांवर साइटवर आहे, त्यात ऑगस्ट 2024 मध्ये गंभीर भोक जाहीर झालं, पण सांभाळणारं कोणीतरी होतं म्हणून 6.4 मध्ये दुरुस्ती आली. तुमच्या प्लगइनमध्ये उद्या भोक निघालं तर दुरुस्त कोण करणार, हा खरा प्रश्न आहे.

आता कोडचं. प्लगइनची झिप तुमच्या कॉम्प्युटरवर उघडा आणि नोटपॅडमध्ये नोप्रिव्ह हा शब्द शोधा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. तो असेल तिथलं काम लॉगिन न केलेल्या माणसालाही करता येतं. तुमचे लेखक लॉगिन करत नाहीत, त्यामुळे तो बहुतेक असणारच, त्यात गुन्हा नाही. पण मग पुढे फाइलचा प्रकार सर्व्हरवर तपासलाय का ते बघायचं. वर्डप्रेसचं स्वतःचं डब्ल्यूपी हँडल अपलोड हे फंक्शन वापरलं असेल तर ते प्रकार तपासतं. नुसतं मूव्ह अपलोडेड फाइल, म्हणजे आलेली फाइल न तपासता जागेवर नेऊन ठेवणारं फंक्शन, दिसलं आणि वर काही तपासणी नसली तर मला पुढे वाचायचीही गरज वाटत नाही. आणखी एक, परवानगी तपासायला काही जण इज ॲडमिन लिहितात, नावावरून वाटतं माणूस ॲडमिन आहे का ते बघतंय, पण ते फक्त मागणी ॲडमिनच्या बाजूची आहे का एवढंच सांगतं. माणसाला परवानगी आहे का ते बघायला करंट युजर कॅन हे फंक्शन लागतं. ही चूक मी अनुभवी लोकांच्या कोडमध्येही पाहिलीय.

माळरान:
होस्टिंगवाल्याला, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर साइट आहे त्याला, सांगून अपलोड्स फोल्डरमध्ये (चढवलेल्या फाइली जिथे जातात तिथे) पीएचपी चालणं बंद करून घ्या. सर्व्हरचं सॉफ्टवेअर अपाची असेल तर डॉट एचटीॲक्सेस नावाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये होतं, एनजिनएक्स असेल तर त्यांनाच करावं लागतं. आमच्या संस्थेच्या साइटवर अपलोड्समध्ये फोटोंच्या गर्दीत एक पीएचपी फाइल दीड महिना पडून होती, नाव अगदी फोटोसारखं, कोणाला शंका आली नाही. बॅकअप होता पण त्याच सर्व्हरवर, आणि त्यातही तीच फाइल. सगळं पहिल्यापासून उभं करावं लागलं, तीन रविवार गेले.

ग्रंथसखी:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भाच्याला व्हिडिओ कॉलवर बसवून झिप उघडली. नोप्रिव्ह दोन ठिकाणी सापडलं, त्याच्याखाली सरळ मूव्ह अपलोडेड फाइल, आणि प्रकार तपासलाय तो ब्राउझर जे सांगेल ते खरं धरून, म्हणजे पाठवणारा म्हणेल ते. भाचा म्हणाला मावशी, आत्ताच्या आत्ता उडव. उडवलं. अपलोड्समध्ये शोधलं, पीएचपी फाइल एकही नाही. ॲडमिनचे पासवर्ड बदलले, होस्टिंगवाल्याला मेल टाकलाय. सभासदांची यादी साइटवर ठेवायची गरजच काय, असं मी आज कमिटीला विचारलं तर कोणाकडे उत्तर नव्हतं, ती उद्या काढतेय. कथा सध्या मेलवरच मागवू. आता एकच विचारायचंय, डिलीट केल्यावरही डेटाबेसमध्ये त्या प्लगइनचं एक टेबल राहिलेलं दिसतंय, ते तसंच ठेवलं तर चालेल का?

कोडकारागीर:
नुसत्या टेबलातून कोणी आत येत नाही, पण त्यात लेखकांची नावं-नंबर असतील तर ते कशाला ठेवायचे. आधी डेटाबेसचा बॅकअप स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस सांभाळायच्या पानावरून तेवढं टेबल ड्रॉप करा, म्हणजे काढून टाका. करण्याआधी नाव इथे टाका, मी बघून सांगतो.