कृष्णवर्णीय संशोधक व कलावंत: प्रदर्शनासाठी नावे सुचवा

प्रश्न: कोल्हापुरातील आमच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी अमेरिकेतील कृष्णवर्णीय संशोधक, वादक आणि अभिनेते यांची नावे कृपया सुचवावीत.

उत्तर १: नॉर्बर्ट रिल्यू यांच्यापासून सुरुवात करावी. गुऱ्हाळाच्या उघड्या काहिलीतली वाफ हवेत विरून जाते. त्यांनी १८४३ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात मात्र एका भांड्यातील वाफेवरच पुढच्या, कमी दाबाच्या भांड्यातला रस उकळतो, त्यामुळे इंधन वाचते आणि आपल्याकडचे साखर कारखाने आजही याच तत्त्वावर रस आटवतात.

उत्तर २: अभिनयासाठी हॅटी मॅकडॅनियल. १९४० मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत; तरीही त्या समारंभात त्यांना सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवले होते. फलकावर हेही लिहावे.

उत्तर ३: वादनासाठी लुई आर्मस्ट्राँग यांचा ट्रम्पेट थेट ऐकवावा, फलक मुले वाचतातच असे नाही.